घराची हमी

आमचा प्रौढांचा वर्ग बदलापूरला भरतो. आठवड्यातून तीन दिवस, रात्री साडेआठ ते दहा. इमारत चार मजल्यांची आहे. बिऱ्हाडे चोवीस आहेत. वर्गाला वेगळी जागा नाही. म्हणून चौथ्या मजल्यावरच्या मावशींनी आपली बाहेरची खोली वर्गाला दिली. मावशी भाजी विकतात. घर त्यांच्या आणि त्यांच्या मुलाच्या नावावर आहे. त्यासाठी त्यांनी २२ लाख रुपये मोजले. बँकेचे कर्ज अजून फिटायचे आहे.

२०२४ चा मे महिना होता. त्या रात्री वळवाचा पाऊस आला. मावशी पाटीवर ‘छप्पर’ हा शब्द लिहीत होत्या. वरून एक थेंब टपकन पाटीवर पडला. ‘छ’ पुसला गेला. सगळे हसले. मावशी मात्र हसल्या नाहीत.

“तीन पावसाळे असंच चाललंय,” त्या म्हणाल्या. “भिंतीचे पोपडे पडतात. कपाट खालून कुजलं. बिल्डरला सतरांदा सांगितलं. माणूस पाठवतो. तो रंगाचा हात मारून जातो. पाऊस आला की पुन्हा तेच.”

आम्ही विचारले, “मावशी, लिहून दिलं होतं का त्याला?”

“लिहायला येत होतं कुठं गुरुजी?”

यावर आम्ही काय बोलणार? आम्ही म्हणालो, “घराचे कागद आणा. आजचा धडा त्यातूनच वाचू.”

ताबापत्र काय म्हणते?

मावशींनी ट्रंक उघडली. करारनामा निघाला. पैशांच्या पावत्या निघाल्या. मग ताबापत्र निघाले. घराची किल्ली देताना बिल्डर जो कागद देतो, तो ताबापत्र. मावशी बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागल्या.

“घ-र पा-हू-न घे-त-ले. का-मा-ब-द्द-ल मा-झी का-ही-ही त-क्रा-र ना-ही.”

खाली तारीख होती, २ जुलै २०१९. तारखेखाली निळ्या शाईचा अंगठा होता. तो मावशींचाच.

मावशींचा चेहरा उतरला. “म्हणजे मीच हात कापून दिले की! आता कोण ऐकतंय माझं?”

शेजारचे रिक्षावाले दादा म्हणाले, “आम्ही पण हेच लिहून दिलंय. किल्ली हवी तर सही करा म्हणाला. करणार काय?”

वाचकहो, पुष्कळांची इथेच फसगत होते. सही केली, आता सगळे संपले, असे त्यांना वाटते. पण तसे नाही. ताबा घेताना आपण भिंती पाहतो, नळ सोडून पाहतो, दारे लावून पाहतो. गच्चीच्या पोटात काय आहे ते कोणाला दिसते? ते पहिल्या मोठ्या पावसात दिसते. म्हणून कायद्याने ताबा घेतल्यानंतरच्या काळाचा विचार केला आहे. छापील कागदावरच्या एका ओळीने तो हक्क बुडत नाही.

२०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच एक दावा होता. त्यात घराचा ताबा देण्यास उशीर झाला होता. लोकांनी ताबा घेतला, खरेदीखत केले, म्हणून भरपाई मागण्याचा त्यांचा हक्क संपत नाही, असे न्यायालयाने सांगितले.

पाच वर्षे आणि तीस दिवस

घरबांधणीचा मोठा कायदा २०१६ साली संसदेने केला. लोक त्याला ‘रेरा’ म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे काम पाहणारी संस्था म्हणजे ‘महारेरा’. ती २०१७ पासून काम करते.

या कायद्याच्या १४ व्या कलमात घराची हमी आहे. ती सोप्या शब्दांत अशी :

घराचा ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामात दोष दिसला, तर तो बिल्डरला कळवावा. कळवल्यापासून ३० दिवसांत बिल्डरने तो दोष दूर करावा. त्यासाठी घरमालकाकडून एक पैसाही घेऊ नये. बिल्डरने दोष दूर केला नाही, तर घरमालकाला योग्य ती नुकसानभरपाई मिळावी.

दोष म्हणजे काय? खांब-तुळईला तडे जाणे हा दोष आहेच. पण तेवढाच नव्हे. वाईट कारागिरी हा दोष आहे. हलका माल हा दोष आहे. कबूल केलेली सोय न देणे हाही दोष आहे. गच्ची गळते, भिंतीला ओल येते, फरशी बसते, सांडपाण्याची पाईप सांध्यात फुटते, या गोष्टी त्यात येऊ शकतात.

ही हमी बिल्डरच्या मेहेरबानीची नाही. ती कायद्याची आहे. करारनाम्यात दुसरी काही हमी असेल, तर ती यावर आणखी मिळते. उदाहरणार्थ, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची किंवा लिफ्टची वेगळी हमी असू शकते. तो कागद मागून घ्यावा.

आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले. म्हणालो, “चला, आता गणित करू. ताबा २ जुलै २०१९ चा. पाच वर्षे कधी पुरी होतात?”

दादांनी बोटे मोजली. “१ जुलै २०२४!”

“आज तारीख काय?”

“१३ मे.”

खोलीत एकदम शांतता झाली. हातात दीड महिनाच उरला होता. तीन पावसाळे तोंडी सांगण्यात गेले होते. त्याचा कागदोपत्री एकही पुरावा नव्हता. बिल्डर म्हणाला असता, “मला कोणी काही कळवलेच नाही.” मग त्याला खोटे कसे पाडणार?

मावशी म्हणाल्या, “तोंडचं बोलणं वाऱ्यावर गेलं. आता कागदावर लिहू.”

पत्र कसे लिहिले?

दुसऱ्या दिवशी वर्गात दुसरा धडा झालाच नाही. सगळ्यांनी मिळून पत्र लिहिले. पत्र साधे होते. त्यात रागाचा शब्द नव्हता. मावशींनी ते आपल्या हाताने उतरवले. ते असे :

तारीख : १५ मे २०२४

विषय : घरातील बांधकामाचे दोष दूर करण्याबाबत

मी आपल्या इमारतीत चौथ्या मजल्यावरील घर विकत घेतले. मला २ जुलै २०१९ रोजी ताबा मिळाला. २०२१ च्या पावसाळ्यापासून पुढील दोष दिसत आहेत.

१) बाहेरच्या खोलीचे छत गळते.
२) उत्तरेकडील भिंतीला ओल येऊन पोपडे पडतात.
३) खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात तडा आहे.

याबद्दल आपल्याला अनेक वेळा तोंडी सांगितले आहे. रेरा कायद्याच्या १४ व्या कलमाप्रमाणे हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत हे दोष विनामूल्य दूर करावेत. न केल्यास मला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल. सोबत फोटो जोडले आहेत.

खाली मावशींनी सही केली. अंगठा नव्हे, सही. अक्षर वाकडे होते, पण त्यांचे होते.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक स्पीड पोस्टाने पाठवली. टपालाची पावती आणि पोच वहीत चिकटवली. तेच पत्र बिल्डरच्या कचेरीत नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का मागितला. शिक्का द्यायला कारकून तयार नव्हता. तरी चिंता नव्हती. टपालाची पोच होतीच.

गच्ची सगळ्यांची असते. म्हणून सोसायटीनेही वेगळे पत्र दिले. आधी सभा घेतली, ठराव केला, मग सेक्रेटरींनी सही केली. आपल्या घरातल्या दोषासाठी आपण लिहावे. गच्ची, जिना, लिफ्ट, पाण्याची टाकी यांसाठी सोसायटीने लिहावे. अशी पद्धत बरी.

बिल्डरचे उत्तर आले

उत्तर आले, पण माणूस आला नाही. उत्तरात दोन मुद्दे होते. पहिला, “ताबा घेताना तक्रार नाही असे तुम्ही लिहून दिले आहे.” दुसरा, “रहिवाशांनी घरात फेरफार केले म्हणून गळती होते.”

पहिल्या मुद्द्याचे उत्तर आपण वर पाहिले. दुसरा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा. करारनाम्यात एक अट असू शकते. बिल्डरच्या लेखी परवानगीवाचून न्हाणीघर, संडास, स्वयंपाकघर यांतल्या पाईप, नळ किंवा बांधकामात फेरफार केला आणि त्यामुळे पाणी झिरपले, तर हमी जाऊ शकते. रोजच्या वापराने होणारी झीजही दोषात धरत नाहीत.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडाने न्हाणीघराच्या फरशा उखडून नव्या बसवल्या होत्या. त्यांच्या न्हाणीघराची गळती पुढे कोणी मोजली नाही. ते आजही हळहळतात. म्हणून पाच वर्षांच्या आत मोठा फेरफार करायचा असेल, तर आधी लेखी परवानगी घ्यावी.

पण मावशींनी काही फेरफार केला नव्हता. त्यांचे पाणी वरून येत होते. हे सिद्ध कसे करायचे? सोसायटीने वर्गणी काढली आणि इमारतींची तपासणी करणारा इंजिनिअर आणला. त्याने गच्ची पाहिली. पाणी वाहून जायला पुरेसा उतारच नव्हता. पाणी उतरण्याच्या तोंडाशी सांधे उघडे होते. त्याने फोटो काढले, लेखी अहवाल दिला आणि सही-शिक्का केला. शंभर जणांच्या ओरडण्यापेक्षा हा एक कागद भारी ठरला.

आता दार कोणते ठोठवावे?

तीस दिवस गेले. दोष तसेच राहिले. आता घरमालकापुढे मुख्य दारे दोन.

पहिले दार महारेराचे. तिथे तक्रार संगणकावरून, महारेराच्या संकेतस्थळावर करतात. २०१७ च्या नियमांत तक्रारीचे शुल्क ५,००० रुपये ठरले. घरमालक एकटा तक्रार करू शकतो. सोसायटीही करू शकते. वकील हवाच असे नाही. आपली बाजू आपण मांडता येते. नुकसानभरपाई हवी असेल, तर तो प्रश्न न्यायनिर्णायक अधिकारी ऐकतो. किती नुकसान झाले आणि किती पैसे द्यावेत, हे ठरवणे त्याचे काम.

निकाल मान्य नसेल, तर ६० दिवसांत अपील करता येते. पण बिल्डरला अपील करायचे असेल, तर घरमालकाला द्यायची सगळी रक्कम त्याला आधी भरावी लागते. त्यानंतरच त्याचे अपील ऐकतात. ही तरतूद सामान्य माणसाच्या फार उपयोगाची आहे. आणि ठरलेले पैसे बिल्डरने दिलेच नाहीत, तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येतात. म्हणजे कलेक्टर कचेरीमार्फत वसुली होते.

दुसरे दार ग्राहक आयोगाचे. घर बांधून देणे ही सेवा आहे आणि घर घेणारा हा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच सांगितले. सरकारी गृहनिर्माण मंडळालाही ते लागू आहे. आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा चालतो. घरासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर जिल्हा आयोगाकडे जावे. ५० लाखांच्या वर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. त्याहून जास्त असेल, तर राष्ट्रीय आयोग. मावशींच्या २२ लाखांच्या घराला जिल्हा आयोग पुरे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार देता येते. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत यावे लागते. सल्ला हवा असेल, तर १९१५ हा ग्राहकांचा फोन आहे.

दादांनी विचारले, “मग दोन्हीकडे अर्ज टाकू की! एकीकडे नाही तर दुसरीकडे लागेल.”

असे करू नये. रेरा असला तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. दार निवडायचा हक्क आपला. पण एकाच गाऱ्हाण्यासाठी एकाच वेळी दोन दारांत उभे राहू नये. एक निवडावे आणि तिथेच नेट लावावा.

आणि इमारत फार लहान असेल तर? जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नाही, किंवा घरे ८ पेक्षा जास्त नाहीत, अशा कामांना रेरात नोंदणीची सक्ती नाही. अशांनी ग्राहक आयोगाकडे जावे. महाराष्ट्रात १९६३ चा ‘मोफा’ हा जुना कायदाही आहे. त्यात ताब्यापासून ३ वर्षांच्या आत कळवलेला दोष बिल्डरने शक्य तिथे विनामूल्य दुरुस्त करावा, असे आहे.

वकिलाची फी कशी द्यायची, ही चिंता खरीच. पण जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो. त्यांचे उत्पन्न किती, हे पाहत नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही हा हक्क आहे. त्यांचा फोन १५१००.

पुढे काय झाले?

२०२४ च्या जुलैत सोसायटीने आणि मावशींनी महारेराकडे तक्रार केली. महारेरात समेट घडवणारा मंचही आहे. तो २०१८ साली सुरू झाला. तिथे ग्राहकांच्या संस्थेचा माणूस आणि बिल्डरांच्या संस्थेचा माणूस एकत्र बसतात. दोन्ही पक्ष राजी असले तरच तिथे जाता येते. बिल्डर राजी झाला. त्याच्या हातात आता ‘कळवले नाही’ हा शब्द नव्हता. टपालाची पोच समोर होती. इंजिनिअरचा अहवाल समोर होता. तारखा पाच वर्षांच्या आतल्या होत्या.

कामाची यादी लिहिली गेली. कोणते काम, किती दिवसांत, कोणाच्या खर्चाने, हे सगळे कागदावर आले. दोन्हीकडच्या सह्या झाल्या. २०२५ च्या पावसाळ्याआधी गच्चीचा जुना थर काढला, उतार दिला, नवे वॉटरप्रूफिंग केले. मग गच्चीवर पाणी साठवून दोन दिवस तसेच ठेवले. खाली मावशी छताकडे बघत बसल्या होत्या. थेंब पडला नाही.

सगळेच मिळाले का? नाही. कुजलेले कपाट आणि तीन पावसाळ्यांचा त्रास यांची भरपाई मावशींनी वेगळी मागितली आहे. तिचा निकाल यायचा आहे. तारखेला त्या स्वतः जातात. कागद स्वतः वाचतात. वाचल्याशिवाय सही करत नाहीत. परवा बँकेच्या माणसाने एक कागद पुढे केला आणि म्हणाला, “आजी, इथं फक्त सही करा.” मावशींनी चष्मा लावला. म्हणाल्या, “थांब बाबा. आधी वाचते.”

आमच्या वर्गाचे चीज झाले, असे आम्हाला त्या दिवशी वाटले.

ध्यानात ठेवा

१) ताबापत्रावरची तारीख पाहा. त्यात ५ वर्षे मिळवा. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.
२) दोष दिसताच लेखी कळवा. तोंडी सांगितले तरी पत्र द्याच.
३) करारनामा, पावत्या, ताबापत्र, पत्रांच्या प्रती आणि टपालाची पोच एका पिशवीत ठेवा.
४) फोटो काढा. फोटोची तारीख लिहून ठेवा.
५) फेरफार करण्यापूर्वी परवानगी घ्या.
६) पाच वर्षे संपत आली असतील, तर आजच पत्र पाठवा. संपून गेली असतील, तर करारनाम्यात मोठी हमी आहे का ते पाहा आणि विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

शब्दांचे अर्थ

हमी – खात्री, जबाबदारी घेऊन दिलेला शब्द
ताबा – वस्तू आपल्या हाती येणे
पोच – पत्र मिळाल्याची खूण
अहवाल – तपासून लिहिलेली माहिती
अपील – निकालाविरुद्ध वरच्या ठिकाणी केलेला अर्ज
समेट – दोघांच्या संमतीने भांडण मिटवणे

प्रश्न

१) मावशींच्या हाती किती दिवस उरले होते? कॅलेंडर पाहून मोजा.
२) बिल्डरने कोणते दोन मुद्दे मांडले? त्यांतला कोणता मुद्दा तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला लागू पडला? का?
३) घरातला दोष कोणी कळवावा? गच्चीचा दोष कोणी कळवावा?
४) तुमच्या घरातला किंवा शेजारच्या घरातला एखादा दोष पाहा. त्याबद्दल पाच ओळींचे पत्र लिहा. तारीख आणि सही विसरू नका.